निरंक

गुरुवार.
सहकारनगरच्या चार गल्ल्यांत सकाळपासून वीज नाही,
आणि मी स्विचगिअरच्या खोलीत उभी आहे
गुडघ्याखाली लोंबणाऱ्या जाड डगल्यात,
तोंडापुढे हिरवट काच,
माझाच श्वास मला परत मिळतोय, गरम करून.

इसाक तांबोळी हसतात.
"मॅडम, एकवीस वर्षं याच पॅनलपुढं
हँडल फिरवलंय. हात बसलाय."

हात बसलाय खरा.
वाघोल्यांचाही बसला होता.

तीन नंबरच्या पॅनलसमोर, भिंतीवर,
पंख्यासारखा पसरलेला काळा डाग आहे.
तीनदा रंग दिला, तीनदा वर आला.
टेरिकॉटचा शर्ट होता,
एवढंच तांबोळी एकदा म्हणाले
आणि रिकामा कप बशीत फिरवत राहिले.

मी तांबट आळीतली.
आमच्याकडे तांबं आधी ऐकू यायचं, मग दिसायचं.
ठोक्यावर ठोका, ठोक्यावर ठोका,
तेव्हा कुठे दुपार कलता कलता पत्र्याला
घंगाळाचं पोट सुटायचं.
इथं तांब्याला वितळायचीही सवड नसते.
पाना निसटतो,
किंवा उबेला आलेली एखादी पाल कूस बदलते,
आणि हवाच तार होते,
बसबारची वाफ दार उचकटून बाहेर पडते.
हात लागायला हवा असं काही नाही.
समोर असणं पुरतं.

म्हणून मी वेळ कापायला आलेय.
हा रिले आजवर अर्धा सेकंद थांबायचा,
खालचा ब्रेकर आपला आपण उघडेल,
उगाच सगळ्यांना अंधारात कशाला ढकला,
घरातल्या जाणत्या माणसासारखा.
चुकीचं नव्हतं ते.
पण माणूस पुढ्यात असताना
अर्धा सेकंद म्हणजे फार लांबचा प्रवास.
खोलीतलं काम संपेपर्यंत, बाबा, जाणतेपणा सोड.
उजेड दिसला की तोड. कुणाला विचारू नकोस.
लॅपटॉपवर आकडा उतरतो
पापणी लवण्याच्याही खाली.

पावणेपाच.
खालची बाजू तपासून झाली, अर्थिंग काढलं,
आता ब्रेकर आत सरकवायचा, जिवंत बसबारवर.
तांबोळी मनगटावरचं घड्याळ सोडतात,
सासऱ्यांनी दिलेलं, स्टीलच्या पट्ट्याचं,
टेबलावर काच वर करून ठेवतात.
हँडलच्या जागी मी मोटार बसवलीय.
तिची पिवळी केबल दाराबाहेर,
व्हरांडा ओलांडून बदामाच्या झाडाखाली.
तीस फूट.
"इथून?" ते विचारतात,
जणू कुणी त्यांना पंगतीतून उठवून
ओसरीवर बसवलंय.

फोन वाजतो. गिरणीच्या शेंडगेबाई:
पाच वाजत आले, दळणाच्या डब्यांची रांग लागलीय,
तुम्ही लोक करता तरी काय दिवसभर?

बटण.
आत मोटार घुंघुं करते.
तांबोळींचा उजवा हात हवेत
अजून हँडल फिरवतोय,
एकवीस वर्षांची सवय, मुठीत काहीच नसताना.
मी बघितलं नाही असं दाखवते.
मग खट्.
एवढंच.
बदामाचं एक लाल पान केबलवर पडतं,
ते झटकायचंही कुणी धाडस करत नाही
अर्धा मिनिट.

नंतर मी रिलेला त्याचा अर्धा सेकंद परत देते.
तांबोळी वही ओढतात, वेळ लिहितात, सही करतात,
शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन अडतं.
"काय लिहू? काही झालंच नाही."
"तेच लिहा."
वळणदार अक्षरात लिहितात: निरंक.
शब्दाखाली रेघ ओढतात, मग आणखी एक.

गाडीला किक मारणार तोवर
ते धापा टाकत परत आत जातात,
घड्याळ राहिलं.
खोलीतून बराच वेळ येत नाहीत.
मी खिडकीतून बघते:
घड्याळ हातात घेऊन
ते भिंतीपाशी उभेत, काहीतरी सांगतायत.

कोपऱ्यावरची गिरणी सुरू झालीय.
शेंडगेबाईंचा पुन्हा फोन येत नाही.